दादाच्या मोटारीचं तेल

१२ जानेवारी १९३८, बुधवार. सकाळी.

आजपासून लिहून ठेवायचं. मोटारीसारखी वस्तू सांभाळायची तर सगळं डोक्यात ठेवून भागत नाही. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत, पण ती चौथी तेव्हाची होती.

दादाला जाऊन महिना होऊन गेला. आईची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून दादा जन्मला तेव्हा त्याला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. पुढं तो उकंडराव झाला, किन्हीराजाचा मोठा माणूस झाला. मी त्याच्या पाठचा. मला कोणी कुठं ठेवलं नाही की उचललं नाही. नुसतंच रामकिसन.

दादाला मूलबाळ नाही. मोटार तशी तुळसावहिनीची, पण जबाबदारी माझी. आठ सिलिंडरची परदेशी गाडी. हिंगोलीकडच्या एका नवाबाची होती. मागं जांभळ्या मखमलीची सीट, खिडक्यांना पडदे. मागच्या आणि पुढच्या सीटमध्ये काच. काचेतून आवाज जात नाही म्हणून रबराची एक नळी. मागच्यानं नळीत बोललं की पुढं ऐकू येतं. मागं एकटा दादा बसायचा. पुढं ड्रायव्हर गोविंदसिंग आणि मी. नळीचं पुढचं तोंड माझ्या कानाशी.

दादाची शेवटची इच्छा: "ज्या रस्त्यानं गाडी आली त्याच रस्त्यानं मले गंगेवर न्या. माझ्या गाडीत, माझ्या जागी." म्हणजे हिंगोलीवरून नांदेड, गोदावरीवर; आमच्याकडं तिलाच गंगा म्हणतात. अस्थींचं गाडगं शेडबाहेरच्या लिंबाला टांगलं आहे. वर्षश्राद्धाच्या आत पोचलं पाहिजे. घाई नाही. परवा संक्रांत, ती झाली की निघू.

१७ जानेवारी, सोमवार.

निघणं लांबलं. गोविंदसिंग म्हणतो, आधी इंजिनचं ऑइल बदला. हजार मैलाला बदलावं लागतं म्हणे, आणि मोठे मालक अंथरुणाला खिळल्यापासून राहून गेलं आहे. गोविंदसिंग मानोऱ्याकडच्या तांड्यातला. लढाईत फौजेच्या लॉऱ्या चालवून आला, तेव्हापासून सगळं आपल्यालाच कळतं असं त्याला वाटतं. मी साठी कधीच ओलांडली, तरी मला अजून लहान मालक म्हणतो.

बसून विचार केला. दादा गेला तेव्हा सुतक फिटेपर्यंत घरात कोणी डोक्याला तेल लावलं नाही. मग मोटार काय परकी आहे? दादा तिला लेकीसारखं जपायचा. तीही सुतकात आहे. सुतक तेरा दिवसांचं असतं हे मला माहीत आहे, पण ते माणसांचं. जोशीबुवांना विचारलं, यंत्राला किती? ते म्हणाले, पोथीत मोटार नाही. म्हणजे मनाईसुद्धा नाही. मी वर्षाचं ठरवलं. वर्षश्राद्धापर्यंत मोटारीला नवं तेल नाही. दादाच्या वेळचं तेल आहे, त्याच तेलावर दादाला न्यायचं. तोपर्यंत ते जपायचं.

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग तिचं छतही भादरून घ्या, भाऊजी. तुमची टकली केली, तिची काहून ठेवली?"

शेडला कडी घालून आलो.

२२ जानेवारी, शनिवार.

गोविंदसिंग तरीही वाशीमहून तेल आणायला निघाला होता. शनिवारी तेल विकत आणत नाहीत. एवढंही फौजेत शिकवत नाहीत.

४ फेब्रुवारी, शुक्रवार.

गाडी वेशीपर्यंत नेऊन आणली. मी पुढं, माझ्या जागी. मागं कोणी नाही.

नळीतून श्वास ऐकू आला. एकदा आत. एकदा बाहेर. मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा आत. गोविंदसिंग म्हणतो वारा. वारा असा दम खात येतो का? शेवटच्या दिवसांत दादाचा श्वास असाच चालायचा. मी हे बोललो तेव्हा गोविंदसिंगनं गळ्यातला ताईत सदऱ्याच्या बाहेर काढला आणि विनाकारण हॉर्न वाजवला.

वारा असेलही. उद्यापासून कानाला मफलर बांधायचा.

५ फेब्रुवारी, शनिवार.

मफलर बांधला. ऐकू येईना म्हणून सोडला.

२१ फेब्रुवारी, सोमवार.

शेडमध्ये गाडीखाली काळा डाग. ताटाएवढा. आमची बैलं सांभाळतो तो खेमा म्हणाला, "मालक, तेल गयून राह्यलं वाटते." बैलाच्या शेणापलीकडे त्यानं आयुष्यात काय पाहिलं? मी वाकून नीट बघितलं. डाग माणसाच्या डोक्यासारखा आहे. एका बाजूला नाकसुद्धा. दादाचं नाक असंच होतं.

कोणीतरी करणी केली असावी. घाबरलो नाही. डागावर राख टाकली. रोज सकाळी अंघोळ झाली की राख टाकायची.

१० मार्च, गुरुवार.

डागाला खांदे फुटले. राख.

२८ मार्च, सोमवार.

आज गाडी सुरू केली तेव्हा इंजिनातून ठक ठक असा आवाज. मी ओळखला. गोविंदसिंगला ओळखता येणार नाही, कारण त्याचं लक्ष नेहमी रस्त्याकडे. दादा मागं बसून काठी आपटायचा. एक ठक म्हणजे हळू. दोन म्हणजे रामकिसन, इकडं बघ. मी काचेतून मागं बघायचो. बरेचदा काम काही नसायचं. मी बघतो की नाही एवढंच दादाला पाहायचं असायचं.

आजची ठक दोनाची होती. बघितलं. मखमलीवर धूळ.

गोविंदसिंग म्हणाला, "मालक, बेअरिंग वाजून राह्यली. तेलात दम नाई राह्यला. बदललं का आवाज बंद होईन."

बंद होईन म्हणाला. मी म्हटलं, विचार करू. मग विचार केला. बेअरिंग म्हणजे काय हे त्यालाही धड सांगता येत नाही, हातानं नुसते गोल काढून दाखवतो. अशा माणसाच्या शब्दावर तेल बदलणं बरोबर नाही. इंजिनात तेल किती उरलं ते दाखवणारी काडी असते, ती त्याला काढून बघायची होती, तीही काढू दिली नाही. आजारी माणसाच्या बरगडीत कोणी काडी घालत नाही.

नियम: रोज सकाळी गाडी जागेवर सुरू करायची. इंजिनच्या तब्येतीसाठी. ठक येते का ते ऐकायचं. तपासणी म्हणून.

१९ एप्रिल, मंगळवार.

गोविंदसिंग आज फार बोलला. म्हणाला, मैलाचा आकडा बघा, बदलायची वेळ कधीच टळून गेली, आता इंजिन बसलं तर मले बोलू नका. मी आकडा बघितला. खरंच वर गेला आहे. मन खट्टू झालं.

दुपारी तो गाडी उलटी शेडमध्ये घालत होता. मी आकड्याकडे बघतच होतो. आकडा किंचित मागं सरकला! म्हणजे गाडी मागं नेली की मैल उतरतात. हे गोविंदसिंगला इतक्या वर्षांत दिसलं नाही. मैल उतरवून जुन्या खुणेखाली आणले की तेल बदलायची वेळच येत नाही.

पेट्रोल कशाला जाळायचं? खेमाला बैलजोडी जुंपायला लावली. मागच्या बाजूनं दोर बांधले. बैलं पुढं चालली, गाडी पाठमोरी त्यांच्यामागं. मी पुढच्या सीटवर, माझ्या जागी, तोंड उलट्या दिशेला. मारुतीच्या पाराला फेरी, परत शेड, परत पार. गाव लोटलं. पारावर एकानं विचारलं, "काहो रामकिसनभाऊ, हे वरात निघाली का परत चालली?" लोकांना शास्त्र कळत नाही.

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "अशीच मागं मागं नेत राह्यलात भाऊजी, तं एखाद्या दिवशी तुमचे भाऊ उठून बसतीन."

तिनं टोमणा मारला हे मला कळलं. पण मी खेमाला आणखी एक फेरी मारायला सांगितली.

२ मे, सोमवार.

या आठवड्यात नांदेडला निघायचं पक्कं होतं. ऊन फार. रेडिएटरचं पाणी उकळेल. पाण्यावरून गोविंदसिंगशी वाद झाला. तो म्हणतो गढूळ दिसलं की बदलायचं. मी म्हणतो एकादशीला बदलावं, त्या दिवशी पोट हलकं असलेलं चांगलं. बॅटरीला तर शुद्ध पाणी लागतं. सगळ्यात शुद्ध पाणी स्वाती नक्षत्राचं. स्वाती येते दिवाळीला. म्हणजे दिवाळीआधी निघणं बॅटरीच्या दृष्टीनंही धोक्याचंच आहे.

हे वहिनीला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इंजिनाले ऊन लागते म्हणता. ते गाडगं वैशाखात लिंबाले टांगलं हाये, त्याईले नाई लागत का?"

संध्याकाळी गाडग्यावर ओलं फडकं बांधलं. आता रोज बांधणार.

१४ जुलै, गुरुवार.

रस्त्यावर काळा चिखल गुडघाभर. निघायचा प्रश्नच नाही. बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं.

गाडी जागेवर सुरू केली. ठक ठक चांगली खणखणीत. दादाची तब्येत सुधारते आहे. चुकून लिहिलं. इंजिनची.

डागाला आता पाय आले आहेत. शेडमधली राख पुरत नाही, चुलीची मागावी लागते. वहिनी विचारते कशाला. भांडी घासायला म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही कधीपासून भांडी घासता? विषय बदलला.

२४ ऑगस्ट, बुधवार.

उद्या पोळा. आज खेमानं बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकले आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्या कानाशी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मीही थोडं तूप कोमट केलं आणि पळसाच्या पानानं मोटारीच्या दोन्ही मडगार्डना चोळलं. वर्षभर तिनंही ओढलंच आहे. मग दार उघडून मागच्या सीटकडे बघत आवतन दिलं. मोठ्यानं नाही.

बैलं शेडसमोरून जायला तयार होईनात. एप्रिलपासूनच बिचकतात. खेमा म्हणतो, त्यांना उलटं ओढलेलं आठवतं. मला तसं वाटत नाही. जनावराला दिसतं.

२५ ऑगस्ट, गुरुवार. पोळा.

सकाळी पुरणपोळी मागच्या सीटवर ठेवून शेडला कडी घातली. दुपारी बघितलं तर ताट रिकामं. गोविंदसिंगच्या मिशीला तूप होतं, पण तो म्हणतो त्यानं त्याच्या घरी खाल्ली. मी शंका घेतली नाही.

दादाला पुरणपोळी आवडायचीच.

३० सप्टेंबर, शुक्रवार.

वहिनीनं मला न विचारता अकोल्याहून ऑइलचा डबा मागवला. मोठा, सीलबंद. ओसरीवर माझ्यासमोर ठेवला आणि बसली. आज ती चिडली नव्हती, त्यामुळं मला जास्त भीती वाटली.

म्हणाली, "भाऊजी, ते सपनात येते. तुमच्या त्या सीटवर बसून हायेत. मले म्हणते, तुळसा, बसून बसून पाय आखडले वो, मले उतरवा. रोजच म्हणते." पदरानं डोळे पुसले. "वर्षसराद्धाच्या आत गाडगं गंगेत गेलं नाई, तं मी तुमच्या हातचं पानी पेनार नाई. अन् मेली तं माझ्या तोंडातही तुमी पानी घालू नका."

मी शब्द दिला. दसऱ्याला तेल बदलतो. दसऱ्याला नक्की.

वहिनीच्या स्वप्नात दादा बोलतो, हे मला माहीत नव्हतं. मला इतके दिवस नुसता श्वास आणि काठी.

३ ऑक्टोबर, सोमवार. दसरा.

मोटारीची पूजा केली. झेंडू, आपट्याची पानं. डबा शेजारीच होता, त्यालाही हळदकुंकू वाहिलं. नंतर लक्षात आलं की पूजेत मांडलेला डबा आता फोडायचा कसा? गोविंदसिंग पाना हातात घेऊन उभा होता. त्याला परत पाठवलं. डबा देवघरात नेऊन ठेवला.

वहिनी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

५ नोव्हेंबर, शनिवार.

स्वाती नक्षत्र. बॅटरीसाठी पत्र्यावर घागर ठेवली होती. घागरीत एक चिमणीचं पीस.

२० नोव्हेंबर, रविवार.

वर्षश्राद्ध या आठवड्यात. उद्या निघायचं. आता कोणतंही कारण नाही.

बेत असा. सकाळी किन्हीराजा सोडायचं. दुपारचं जेवण वाशीमला. मुक्काम हिंगोली. परवा नांदेड, गंगेवर. मागच्या सीटवर फक्त दादा, म्हणजे गाडगं. दादा असताना तिथं दुसरं कोणी कधी बसलं नाही, आताही बसणार नाही. वहिनी खेमाच्या छकड्यातून मागून येईल. वाशीमला तिची वाट बघू. तिला थोडा उशीर होईल, पण मोटारीच्या वेगाला आपला इलाज नाही.

तेल तेच. गोविंदसिंग म्हणाला, "मालक, शेवटचं सांगतो." मी म्हटलं, दादाच्या तेलावर दादाला न्यायचं ठरलं आहे. तो म्हणाला, निदान काडी तं पाहू द्या. नाही म्हटलं. इतके महिने सांभाळलं, आता शेवटच्या दिवशी कशाला बघायचं.

२१ नोव्हेंबर, सोमवार. रस्त्याच्या कडेला, दुपारी.

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी वहिनीनं लिंबावरचं गाडगं सोडलं आणि मोटारीकडे नेलं. मला बघवलं नाही, मी पाठ फिरवली. मागचं दार बंद झाल्याचा आवाज आला. पडदे ओढलेले होते. वहिनी छकड्याकडे गेली असं मी धरून चाललो. पुढं बसलो, नळी कानाशी.

गाडी वेशीबाहेर पडली. ठक ठक अशी की रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. दादा असा जोरात काठी आपटायचा ते तब्येत चांगली असताना. मन भरून आलं. वाशीमकडच्या मालेगावच्या अलीकडचा चढ लागला. नळीतून श्वास. मग खोकला. मग बोलणं. नळीत सगळ्यांचा आवाज एकसारखाच घोगरा होतो, हे मी विसरलो होतो.

"गोविंदसिंग, गाडी थांबव. जयून राह्यलं."

गोविंदसिंगला इंजिनच्या आवाजात ऐकू गेलं नाही. मला गेलं. जळतं आहे म्हणतो. वर्ष होत आलं तरी चितेची आग अजून अंगात आहे. मी गोविंदसिंगला सांगितलं, थांबू नको, जोरात घे. आणि नळीत म्हटलं, दादा, गंगेपर्यंत दम धर. गंगेवर सगळं थंड होईल.

"थांबव म्हणते ना! धूर झाला सारा!"

'म्हणते' म्हणाला, 'म्हणतो' नाही. माझ्या तेही लक्षात आलं नाही. मला वाटलं आता वेळ थोडा आहे. विचारायचं ते विचारून घ्यावं. मी नळीला तोंड लावून विचारलं, दादा, परत येताना मागची जागा रिकामी राहील. मी बसू का? एकदाच. वाशीमपर्यंत.

नळीत पुन्हा खोकला. मग:

"बस न बापा! कुठीही बस! पयले गाडी थांबव!"

दादा इतक्या लवकर हो म्हणणार नाही, हे मला कळायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानंही आलं असेल. तेवढ्यात इंजिनात एक ठक झाली, आजवरची सगळ्यात मोठी. मग काहीच नाही. गाडी आपली आपण उभी राहिली. इतकी शांतता मी त्या गाडीत कधी ऐकली नव्हती.

मागचं दार उघडलं. तुळसावहिनी खोकत उतरली. तोंड काळं, गाडगं छातीशी धरलेलं. म्हणाली, "मी कायले छकड्यात बसू? माझा नवरा हाये. त्याईले एकटं पाठवू का?"

मी नळीत काय विचारलं होतं त्याबद्दल ती काही बोलली नाही. ही तिची एक गोष्ट चांगली आहे.

काही वेळानं खेमाचा छकडा मागून आला. बैलजोडी एक. एक तर मोटार ओढून घरी न्यायची, नाही तर दादाला वाशीमला, तिथून प्रवाशांच्या सर्व्हिस लॉरीनं पुढं. वहिनी गाडगं घेऊन छकड्यात चढली.

"चला भाऊजी, बसा."

मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं. गोविंदसिंग तासाभरात नीट करतो. वाशीमच्या अलीकडं गाठतो तुम्हाला.

तिनं छकड्यात सरकून जागा केली. "गंगेत सोडाले हात तुमचा लागते, भाऊजी. पाठचे भाऊ तुमी."

मी म्हटलं, तुमच्याआधी नांदेडला पोचतो. मोटार एकटी रस्त्यावर सोडता येत नाही.

"तिच्याजोळ आता कोन हाये?" वहिनी म्हणाली, आणि तिनं खेमाला छकडा हाकायला सांगितला.

छकडा गेला. खेमानं कालच चाकांना वंगण दिलं होतं. जाताना आवाजसुद्धा झाला नाही.

२२ नोव्हेंबर, मंगळवार.

गोविंदसिंगनं गाडीखाली निजून तेलाचा बोल्ट काढला. खाली पाटी धरली होती. काही पडलं नाही. मग त्यानं बोट घातलं. बोटाला काळी पेंड लागली, चिमूटभर.

म्हणजे तेल बदलायचा प्रश्न आता उरलाच नाही. एका परीनं माझंच म्हणणं राहिलं.

गोविंदसिंग सारखा विचारत होता, इतकं तेल गेलं कुठं? मी राखेचं काही बोललो नाही.

त्याला किन्हीराजाला पाठवलं, देवघरातला डबा आणायला. देवाला हात जोडून उचल म्हटलं. डबा आला की ओतू, निघू. वहिनीला हिंगोलीला गाठता येईल.

२४ नोव्हेंबर, गुरुवार.

गोविंदसिंग आला नाही. पायी गेला आहे, वेळ लागणारच. मालेगावची एक बाई जाता-येता भाकरी देते. तिनं विचारलं, बाबा, इथं कोणासाठी बसलात? मी म्हटलं, गाडी सुरू व्हायची आहे.

नळीला कान लावला. काही नाही. वारा सुटला होता, तरी काही नाही.

२६ नोव्हेंबर, शनिवार.

गोविंदसिंग आला असता तरी आज काय उपयोग? शनिवार आहे. डबा विकतचा नाही, देवघरातला, हे खरं. पण तरी.

२८ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी.

वहिनी परत आली. छकडा थांबला. गाडगं नव्हतं. तिनं एका पुडीत साखरफुटाणे दिले, बाटलीत गंगेचं पाणी दिलं. खाली उतरली नाही. सांगत होती, लॉरी, मग आगगाडी, मग घाट. वर्षश्राद्ध तिथंच उरकलं. घाटावरच्या गुरुजींनी विचारलं, हात कोणाचा?

"मी म्हनलं, माझा. पन नाव तुमचं घेतलं, भाऊजी. रामकिसन म्हनलं. त्याईले बरं वाटलं असन." मग म्हणाली, "आता सपनात येत नाईत. काल मी वर्षातून पयल्यानं झोपली."

मी साखरफुटाण्यांची पुडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"चला घरी. गोविंदसिंग तं पयल्याच दिवशी तांड्यात निंघून गेला. खेमाच्या भावानं पाह्यला त्याले. डबा देवघरात तसाच हाये म्हणे."

मी म्हटलं, येतो. तुम्ही व्हा पुढं. खेमानं उद्या बैलं आणावीत. या खेपेला सरळ ओढू.

छकडा दिसेनासा झाल्यावर बाटलीतलं गंगेचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. मग मागचं दार उघडलं. परवानगी मिळालीच होती. बसलो.

मखमलीखालची स्प्रिंग तुटलेली आहे. टोक बरोबर मांडीत घुसतं. उजवीकडं सरकलं तरी घुसतं, डावीकडं तरी. इतकी वर्षं दादा यावर बसत होता आणि कधी बोलला नाही. काठी आपटायचा, तेवढंच.

घरी गेल्यावर सीट दुरुस्त करायची. तेलही नियमानं बदलायचं, हजार मैलाला, चुकायचं नाही.

पडदा बाजूला केला. काचेतून पुढची सीट दिसते. ड्रायव्हरची जागा, शेजारी माझी जागा, तिथं लोंबणारं नळीचं तोंड. नळी तोंडाशी घेतली. दादासारखं म्हटलं, रामकिसन.

मग कोणी वळून बघतं का ते बघत बसलो. पुढं कोणी नव्हतं.